कोणाचा रे तू?

‘आपल्याकडे व्यक्ती नव्हतीच, घर होते, जात होती, गाव होते,’ असे व्याख्यानांतून सांगण्याची विद्वानांना मोठी हौस. कोणी हे अभिमानाने सांगतो, कोणी हिणवून. पुरावा दोघांचा एकच. वऱ्हाडातल्या पारावर अनोळखी पोराला पहिला प्रश्न येतो, ‘कोनाचा व्हय रे तू?’ नाव मागाहून.

प्रश्न खरा, निष्कर्ष खोटा! विचारणारा म्हातारा पोराला पुसून टाकीत नाही. त्याला कोठे बसवावे ते पाहतो. एकदा बसवला, की त्याच्या चालीवरून, बोलण्यावरून असे टोपणनाव ठेवील की दुसऱ्या कोणाला ते जन्मात लागू पडू नये.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचेच पाहा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, जात परीट, वाढले अकोल्याकडे दापुऱ्यास, मामाच्या घरी. मुलीच्या बारशाला जातीचा रिवाज मटणाचा नि दारूचा. यांनी पंगतीला गोडधोड वाढले! समूहात विरघळलेला माणूस म्हणतात तो हाच काय? पुढे १९०५ साली त्यांनी घरदार सोडले. विद्वानांच्या हिशेबाने मग हा माणूस उरायलाच नको होता. लोकांनी मात्र हातातल्या गाडग्यावरून त्यांना नवे नाव दिले, आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ देह ठेवीपर्यंत ते गाडगेबाबाच राहिले.

अभिमानवाल्यांनी इतक्यात टाळी वाजवू नये. बाबांच्या पत्नी कुंताबाई मागे राहिल्या. मुले टाकून त्यांनी हाती गाडगे घेतले असते, तर याच लोकांनी त्यांना कोणते नाव दिले असते? ते दिवाळी अंकात छापण्याजोगे खास नसते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी, मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. गावाची थोरवी गाणाऱ्यांना ते झोंबले. पण ‘कोणाचा?’ याचे उत्तर देताच ज्याच्या ओंजळीत पाणी उंचावरून पडे, त्याला समूहाचे गोडवे कोणत्या तोंडाने ऐकवावे? माझ्या मते म्हाताऱ्याने प्रश्न खुशाल विचारावा. उत्तर काहीही येवो, पारावर जागा मात्र द्यावी.

आणि घरातले? सुनेचे नवे नाव तांदळांत अंगठीने लिहिण्याची हौस अजून कोठे फिटली आहे! या दिवाळीला फराळ वाढणाऱ्या थोरल्या काकूंचे माहेरचे नाव पंगतीतल्या किती पोरांना सांगता येते, ते वाचकांनी विचारून पाहावे.