अर्धं पाणी उघडं ठेवा

मुलांच्या हट्टासाठी घरात माशांची टाकी आणायला निघाला असाल, तर आधी थोडं ऐका. पाण्यावर तरंगणारी झाडं आणि तळाशी राहणारे मासे, ही जोडी आपल्याकडच्या घरांना चांगली मानवते. रबाळ्यातल्या छोट्या खोलीतही ती नीट राहते. पण तिची एक अट आहे. टाकीतल्या पाण्याचा निम्मा पृष्ठभाग उघडा राहिला पाहिजे. ही अट मोडली, की एखाद्या रात्रीत मासे मरतात आणि सकाळी ते आधी मुलंच बघतात.

जोडी चांगली का, ते सांगतो. कोरी, कुली लोच असे मासे तळाशी वाळूत तोंड खुपसून खाणं शोधतात. त्यांना भगभगीत उजेड सोसत नाही. वर पानं असली की खाली सावली पडते आणि ते दिवसाही बिनधास्त फिरतात. झाडांची मुळं पाण्यात लोंबतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणाऱ्या घाणीवरच ती पोसतात. त्यामुळे पाणी जास्त दिवस चांगलं राहतं. या झाडांना माती लागत नाही, वेगळं खत लागत नाही.

आता अडचण. या झाडांची पानं पाण्याबाहेर असतात. दिवसा ती जो प्राणवायू सोडतात, तो बहुतेक हवेतच जातो. पाण्यात हवा मिसळते ती पाण्याच्या उघड्या भागातून. पानांनी सगळं पाणी झाकलं, की ती वाट बंद होते. वरून खाली हवा पोचायला आधीच वेळ लागतो, म्हणून पहिला फटका तळाच्या माशांना बसतो.

त्यात आपला उन्हाळा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ठेवलेली टाकीसुद्धा गरम होते. त्या दिवसांत झाडं आणखी कमी करा. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

कोरी मधूनच सुळकन वर येते, हवेचा एक घोट घेते आणि परत खाली जाते. ती हवा तिच्या आतड्यातून शोषली जाते. हा तिचा स्वभाव आहे, घाबरू नका. पण सगळ्याच कोरी पुन्हा पुन्हा वर येऊ लागल्या, तर लगेच झाडं बाजूला काढा आणि हवेचा पंप चालू आहे ना ते बघा. वर येण्याची जागाच पानांनी अडवली असेल, तर या माशाचा शेवटचा आधारही गेला.

अर्धं पाणी उघडं ठेवायचा सोपा उपाय आहे. हवेच्या पंपाची पातळ नळी घ्या. तिची दोन टोकं जोडून गोल कडं करा आणि पाण्यावर सोडा. ते तरंगतं. झाडं कड्याच्या बाहेर ठेवा, आतलं पाणी मोकळं. कडं मोठंच करा. खाणंही याच मोकळ्या जागेत टाका. दर रविवारी जास्तीची झाडं मुठीने काढा. ती फार झपाट्याने वाढतात, पंधरा दिवस दुर्लक्ष केलंत तर टाकी झाकून जाते. टिकलीएवढ्या पानांचं डकवीड तर आणूच नका. एकदा शिरलं की टाकीतून पुरतं जात नाही.

टाकीचं झाकण पानांना टेकू देऊ नका. झाकणावरचं पाणी ठिबकून पानं कुजतात, आणि कुजलेलं पान तळाशी जाऊन बसतं, नेमकं माशांच्या तोंडाशी.

पहिल्यांदा घेत असाल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्या. तीत पन्नासेक लिटर पाणी राहतं. काच आणि वाळू धरून वजन सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातं. टीव्हीच्या कपाटावर ती ठेवू नका. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घाला. धारदार खडीने माशांच्या मिशा झिजतात, आणि त्या मिशांनीच ते खाणं हुडकतात. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा. खाडीकाठची वाळू नको, तीत मीठ असतं.

नळाचं पाणी मोरबे धरणाचं असो की एमआयडीसीकडून येणारं बारवीचं, त्यात क्लोरीन असतो. तो माणसांसाठी गरजेचा आहे, पण माशांच्या कल्ल्यांना भाजतो. पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध टाका. नवी टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. घाण पचवणारे सूक्ष्म जीव तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झाडं ठेवा, फिल्टर चालू ठेवा. दुकानदार आजच मासे न्या म्हणेल. तुम्ही थांबा.

मग सहा छोट्या कोरी आणा. हा मासा एकटा राहिला की दबून राहतो. खायला बुडणारं खाद्य द्या, दिवा मालवल्यावर द्या आणि थोडंच द्या. वर तरंगणारं खाद्य तळापर्यंत येतच नाही, मुळांत अडकून कुजतं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदलू नका.

मासा आजारी पडला की मीठ टाका, असं कोणीही सांगतं. तळाच्या या माशांना मीठ आणि औषधांचा पूर्ण डोस झेपत नाही. तरंगणारी झाडंही मिठाने मरतात. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवा.

आता वीज. पावसाळ्यात ती कधीही जाते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवा. तो नसेल तर सगळी झाडं एका बादलीत काढा आणि तांब्याने टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत हळूहळू ओता. दर थोड्या वेळाने ओता. एवढ्याने मासे तगतात.

डासांच्या धुराची गाडी आली की पंप काही वेळ बंद करा आणि टाकीवर ओलं फडकं टाका. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि डास मारायच्या औषधांपैकी बरीचशी माशांना जहरासारखी असतात. घरातल्या फवाऱ्यालाही हेच लागू.

डासांचंच आणखी एक. काही जण हीच झाडं गॅलरीतल्या टबात, माशांशिवाय ठेवतात. ते फार धोक्याचं आहे. संथ पाण्यात डास अंडी घालतात, आणि काही जातींच्या डासांच्या अळ्या तर वॉटर लेट्यूस, जलपर्णी अशा तरंगणाऱ्या झाडांच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात. तळाचे मासे वरच्या अळ्या खातील, या भरवशावर राहू नका. टबात गप्पी मासे सोडा. जमत नसेल तर टबच नको.

दुकानात दोन मासे टाळा. पहिला सकर. दोन इंचांचा गोड दिसतो, काच साफ करतो म्हणून गळ्यात मारतात. तो फूट-दीड फूट वाढतो. मग लोक तो तलावात सोडून देतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात हा काटेरी मासा येतो. त्याला बाजारात भाव नाही आणि तो जाळी फाडतो. दुसरा झेब्रा लोच, पट्ट्यापट्ट्यांचा देखणा मासा. तो आपल्या सह्याद्रीचा, कोल्हापूरकडच्या पंचगंगेच्या खोऱ्यातही सापडणारा. पश्चिम घाटाबाहेर निसर्गात तो कुठेच नाही आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. शोभेसाठी त्याला नदीतून पकडतात. तो नदीतच राहू द्या.

शेवटची गोष्ट तुमच्या टाकीच्या बाहेरची आहे, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. जांभळ्या फुलांची जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आली. आज कल्याणजवळ उल्हास नदीचं पाणी तिच्याखाली दिसेनासं होतं. पंचगंगेची तीच कथा. तुमच्या काचेच्या टाकीत जे होतं तेच तिथेही होतं, वर झाकलं जातं आणि खाली मासे गुदमरतात. फरक एवढाच, की नदीतून मुठीने पाला काढता येत नाही.

म्हणून काढलेली झाडं रबाळ्याच्या तलावात टाकू नका, नाल्यात टाकू नका, संडासात टाकू नका. आपले नाले शेवटी ठाणे खाडीला मिळतात. झाडं उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत घाला किंवा ओल्या कचऱ्यात द्या. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या शेजाऱ्याला द्या. मुलं म्हणतील, तलावात सोडू, बिचारा मोकळा होईल. त्यांना जवळ बसवून समजावून सांगा आणि मासा तलावात सोडू देऊ नका.