पडदे नसलेली गिटार

परवा भाच्याने एक जॅझ-फ्यूजन ऐकवलं. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाचा १९८६ मधला इटलीतला कार्यक्रम. वादक तिघेच: बिरेली लाग्रेन गिटारवर, थॉमस बोरोत्स ड्रम्सवर आणि जॅकोची बेस गिटार. पडदे नसलेल्या बेसनेच त्याचं नाव झालं. सरोदासारखंच, सूर बोटाने शोधायचा! एरवी बेस म्हणजे मागचा आधार, कुणी लक्षही देत नाही. इथे तोच आधार देतो आणि तोच गातो. माझं मटार सोलणं थांबलं. १९८७ त, ३५ व्या वर्षी तो गेला. माझंही वय तेवढंच हो!

मैत्रिणींनो, लहान स्पीकरवर खालचे सूर हरवतात. मुलांचे हेडफोन मागून घ्या आणि निवांत ऐका.