बॅग हलकी असू द्या

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की मंडणगड, खेड, दापोलीपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंतच्या मोहल्ल्यांत एकच चौकशी असते, ‘ईदला कोण कोण येतंय?’ दुबई, कुवेत, कतार, सौदीत नोकरी करणारे सुट्टी जुळवून गावी येतात. त्यांच्यामागून दोरीने आवळलेली, मार्करने नाव-गाव लिहिलेली खोकीही येतात. ‘प्रवास कसा झाला?’ हे सगळेच तोंडाने विचारतात. ‘काय आणलंस?’ हा प्रश्न बऱ्याचदा नुसता डोळ्यांत असतो.

अशा वस्तूला उर्दूत एक खास शब्द आहे, सौगात. शब्द मूळचा तुर्की. तोहफा कुणीही कुणाला द्यावा. सौगात म्हटली की ती दुरून, प्रवासातून आलेली. मराठीतला ‘खाऊ’ हा त्याचाच जवळचा नातेवाईक. बाहेरून घरी येणाऱ्याने लेकरांसाठी पुडीत बांधून आणायचा तो खाऊ. या दोन्ही शब्दांत किमतीला जागा नाही. ‘तिकडे असताना तुमची आठवण होती’ एवढेच त्यांना सांगायचे असते. आखातातून येणाऱ्या भेटींत मात्र आठवण कमी आणि हिशेब जास्त झाला आहे. तो हिशेब ज्याच्या डोक्यावर बसतो, त्याच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

कोकणी मुसलमानांना परदेश नवा नाही. आपले लोक खलाशी म्हणून जहाजांवर गेले, काही थेट दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले. 1973नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात कामे निघाली आणि घराघरांतून माणसे तिकडे जाऊ लागली. त्या काळात सौगातीला खरा अर्थ होता. टू-इन-वन, टँगचा डबा, निडोची दूध पावडर, गुळगुळीत ब्लँकेट, मनगटी घड्याळ या गोष्टी इथे सहज मिळत नव्हत्या. मिळाल्या तरी परवडत नव्हत्या. 1991नंतर बाजार खुला झाला. आज तेच साबण, तीच चॉकलेटे आणि तेच परफ्यूम तालुक्याच्या दुकानात मिळतात. सौदीचा खजूर मोहम्मद अली रोडवर मिळतो, मोबाइलवर मागवला तर घरपोच येतो. गरज संपली, यादी मात्र उरली.

ही यादी आता व्हॉट्सॲपवर जाते. अमक्या कंपनीचा फोन, तमक्या नावाचे अत्तर, फुफीच्या सुनेला पर्स, शेजारच्या चाचीला बाम. ती वाचणारा माणूस बहुधा एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहतो. खाली एकाचा पलंग, वर दुसऱ्याचा. अमिरातीत उन्हाळा असा असतो की 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्यानेच बंद ठेवावे लागते. अशा कामातून वाचवलेल्या दिरहमांतून तो चार-सहा महिने आधीपासून एकेक वस्तू घेऊन पलंगाखाली ठेवतो. शेवटी तीस किलोच्या हिशेबात काय बसवायचे आणि कोणाला नाराज करायचे, हे काट्यावर ठरते. कमी पडले तर सोबत्यांकडून उसने घेतो. काहीजण तर फोनवर ‘साहेबांनी रजा दिली नाही’ असे सांगून ईद पुढे ढकलतात. रजा मिळालेली असते, बॅग भरलेली नसते.

माझ्या वर्गात अशा घरांतली मुले-मुली दरवर्षी असतात. अब्बांनी काय पाठवले हे त्यांना नेमके ठाऊक असते. ते दिवसभर काय काम करतात, हे सांगताना मात्र अनेकजण अडखळतात. फोन आला, बूट आले, पण बाप कसा जगतो हे कोणी सांगितलेच नाही.

कोणी म्हणेल, तो स्वखुशीने आणतो, त्याचा आनंद का हिरावता? हे अगदीच खोटे नाही. तिकडची खोली तो कुणाला दाखवू शकत नाही. भरलेली बॅग दाखवू शकतो. चार माणसांत ती त्याची इज्जत असते. पण माणसाची इज्जत बॅगेच्या वजनावर कोणी ठेवली? ती आपणच ठेवली आहे, म्हणून ती उचलणेही आपल्याच हाती आहे. शेजारणीने दिलेली भेट बकरीच्या खुराएवढी क्षुल्लक असली तरी तिला कमी लेखू नये, अशी हदीसची शिकवण आहे. देणाऱ्याला उदार व्हायला आपण नेहमीच सांगतो. इथे घेणाऱ्यालाही अदब शिकवली आहे.

रिकाम्या हातांचे मोल या मोहल्ल्यांनी एकदा पाहिले आहे. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. कित्येकांची उभ्या आयुष्याची कमाई तिथेच राहिली. बगदादमार्गे जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत पोहोचलेल्या लोकांना एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असे परतले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्यांना ‘काय आणलंस?’ असे कोणी विचारले नाही. माणूस आला, हेच पुरे होते.

आणि उलट दिशेचा प्रवास आठवा. सुट्टी संपवून तो परत निघतो तेव्हा अम्मी त्याच्या बॅगेत कैरीचे लोणचे, कोकम, कुळथाचे पीठ, सुके बोंबील भरते. त्याने यादी दिलेली नसते. त्याला काय आवडते, हे तिला माहीत असते, म्हणून ती भरते. (खसखस मात्र चुकूनही देऊ नका, अमिरात आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे आणि ती जवळ सापडल्याने माणसे तुरुंगात गेली आहेत.) सौगात निवडायची तर अम्मीच्या या रीतीने निवडावी.

म्हणजे काय करावे? घरच्यांनी यादी पाठवणे बंद करावे आणि तसे त्याला स्पष्ट सांगावे. आणणाऱ्याने तिथलीच ओळख सांगणारी एखादी गोष्ट आणावी. मदिनेची अजवा, कसीमची सुक्करी किंवा अल-अहसाची खलास खजूर एक-दोन किलो पुरे. ती मशिदीत इफ्तारला ठेवली तर सगळ्या मोहल्ल्याच्या वाट्याला येते. घरोघरी मोजून वाटण्याचा आणि रुसव्या-फुगव्यांचा प्रश्नच उरत नाही. आईसाठी जानमाज, लेकरांना इथल्याच दुकानातून ईदी. वाचलेले पैसे बहिणीच्या फीला लागतील, किंवा कायमचे परतण्याचा दिवस थोडा जवळ येईल.

या ईदला तुमच्या घरी कोणी येणार असेल, तर आजच इफ्तारनंतर त्याला फोन करा. ‘काही आणू नकोस, फक्त ये,’ एवढेच सांगा. पलीकडे तो क्षणभर गप्प होईल. त्याला गप्प राहू द्या.