हवामानखात्यांतील काटकसर कोणाच्या माथीं?

शेतीच्या धंद्यांत बीं-बियाणें, खत आणि मेहनत हीं बऱ्याच अंशीं आपल्या हातचीं असतात. पाऊस मात्र आपल्या हातचा नाहीं. तो केव्हां व किती येणार हें चार दिवस आधीं समजलें, तर निदान जें हातचें आहे तें वांचवितां येतें. म्हणून हवामानखात्याच्या खर्चाचा प्रश्न हा केवळ सरकारी हिशेबाचा प्रश्न नव्हे. तो आपल्या खळ्याचा प्रश्न आहे.

१८६४ चें कलकत्त्याचें वादळ व त्यामागून आलेले दुष्काळ यांमुळें आपल्या देशांत १८७५ सालीं हें खातें निघालें. १९३२ सालीं पुण्यास कृषिहवामानशास्त्राची शाखा उघडण्यांत आली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं निराळें हवामानवृत्त नभोवाणीवरून सुरू झालें. हें सर्व सार्वजनिक पैशानें उभें राहिलें, कारण पावसाची वार्ता सर्वांच्याच उपयोगाची आहे.

याच मार्गावरील पुढचें पाऊल म्हणजे जिल्हावार कृषिहवामान केंद्रें. कृषि विज्ञान केंद्रांच्या आश्रयानें अशीं ५३० केंद्रें काढण्याचें योजिलें होतें. प्रत्यक्षांत १९९ निघालीं. प्रत्येक ठिकाणीं एक तज्ज्ञ व एक निरीक्षक, आणि दर मंगळवारीं व शुक्रवारीं स्थानिक भाषेंत सल्ला, अशी ही साधी व्यवस्था होती. परंतु जानेवारी २०२४ मध्यें, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस हीं केंद्रें बंद करावीं, असा हुकूम सुटला.

या काटकसरीच्या बाजूनें असें म्हणतात कीं, आतां नोंदी यंत्रें घेतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतवार अंदाजही मिळूं लागला आहे. मग माणसें कशाला? अंदाज गांवापर्यंत पोंचला ही चांगलीच गोष्ट झाली. पण अंदाज म्हणजे सल्ला नव्हे. उद्यां पाऊस आहे, या एकाच वाक्याचा अर्थ युरिया देणाऱ्यानें हात आवरावा, सोयाबीन कापून ठेवणाऱ्यानें गंजी झांकावी, आणि फळछाटणी झालेल्या द्राक्षबागाइतदारानें केवड्यावर नजर ठेवावी असा निरनिराळा होतो. हा अर्थ सांगण्यास त्या मातीची व त्या पिकाची माहिती असलेला मनुष्यच लागतो. एकट्या सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुका पांचशेंच्या आसपास राहतो. अशा स्थितींत दूरच्या विद्यापीठांतील एका केंद्रानें अनेक जिल्ह्यांस सल्ला द्यावा, हें कसें साधावें? देशांत जिल्हे सातशेंवर आणि अशीं जुनीं केंद्रें अवघीं १३० आहेत.

पैसाच नाहीं म्हणावें तर तसेंही नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें रडारें, संगणक इत्यादिकांसाठीं दोन हजार कोटींची 'मिशन मौसम' योजना मंजूर झाली. तिला आमचा विरोध नाहीं. परंतु पाटबंधारा बांधून शेवटची चारी बुजविली, तर पाणी कोणाच्या शेतांत जाणार?

माणसें कमी केलीं म्हणजे यंत्रेंही कशीं मुकीं होतात, याचा दाखला अमेरिकेनें २०२५ सालीं दिला. तेथें माणसांअभावीं ओमाहा व रॅपिड सिटी येथील निरीक्षणफुगे सोडणें थांबविण्यांत आलें. अंदाज जगभरच्या नोंदींवर उभे राहतात. एक खुंट निखळला तरी तंबू ढिला पडतो.

खासगी कंपन्यांकडून अंदाज विकत घ्या, असाही उपदेश होतो. आमच्या वाचकांपैकीं कांहींस तें परवडेल; शेजारच्या दोन एकरवाल्यास परवडणार नाहीं. आणि त्याच्या शेतांत वेळेवर न मारलेली कीड बांधाशीं थांबत नसते.

यास्तव आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्रांत कृषिहवामानतज्ज्ञाची जागा कायम असावी, ती मुदतीच्या योजनेवर लोंबकळत राहूं नये. आपल्या बाजूनें सभासदांनीं पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवावी, आणि मिळालेल्या सल्ल्यानें काय वांचलें व न मिळाल्यानें काय गेलें, तें तारीखवार लिहून आपल्या लोकप्रतिनिधींस कळवावें. दरबारीं तक्रारीपेक्षां हिशेबास अधिक वजन असतें. तो हिशेब आपल्यावांचून दुसरा कोणी मांडणार नाहीं.