गांजाचा वकील

आपल्याकडे वकिलांची एक उतरंड ठरलेली आहे. वर कॉर्पोरेटवाला, मग टॅक्सवाला, मग हायकोर्टात दिवाणी दावे लढवणारा, आणि पार तळाला घटस्फोट आणि फौजदारी. या उतरंडीत, कार्डावर 'कॅनाबिस बिझनेस आणि एम्प्लॉयमेंट लॉ' असं छापणारा अमेरिकेतला वकील कुठे बसवायचा हे कुणालाच कळत नाही. मग सोपा उपाय, हसायचं. "म्हणजे गांजाचा वकील? फी पण पुडीतच घेतो काय?" कॅन्टीनमध्ये हा विनोद मी किमान तीन वेळा ऐकलाय, आणि तिन्ही वेळा सांगणाऱ्याला तो स्वतःचा वाटत होता :-)

तर मंडळी, या शनिवारी त्या वकिलाची बाजू घेतो. म्हणजे गांजाची नव्हे. मी साधा चहाबाज माणूस आहे.

आधी त्याला कुठल्या जमिनीवर उभं राहावं लागतं ते बघा. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला, हेरॉइनच्या शेजारी. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषध म्हणून त्याला परवानगी दिली. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी तर औषधाचं निमित्तही सोडलं, आणि १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत दुकानं उघडली. मधल्या काळात, २००५ साली, केंद्राच्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलं होतं की घरच्या कुंडीत, स्वतःच्या औषधापुरता लावलेला गांजासुद्धा केंद्राच्या कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणजे एकाच काउंटरवर एकच पुडी, राज्याच्या लेखी परवानाधारक विक्री आणि केंद्राच्या लेखी गुन्हा. एकाच मॉड्यूलला दोन क्लायंट, दोन स्पेक, आणि दोन्ही साइन-ऑफ झालेले! आपण असल्या प्रोजेक्टमधून पहिल्या महिन्यात रिलीज मागितला असता.

त्यात गंमत अशी, की वकिलाच्या आचारसंहितेत एक नियम असतो: जे कृत्य गुन्हा आहे हे ठाऊक आहे, ते करायला अशिलाला मदत करायची नाही. म्हणजे दुकानाचा भाडेकरार लिहून दिला तरी सनद धोक्यात. शेवटी २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने नियमाला एक टीप जोडली, तेव्हा तिथल्या वकिलांना जरा श्वास घेता आला. त्याआधी ज्यांनी हे काम घेतलं त्यांनी आपलं स्वतःचं करिअर डावावर लावलं होतं, आणि त्यांना आपण 'पुडीवाला' म्हणतो.

धंद्याच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, तिची चर्चा पुष्कळ होते. १९८२ च्या एका कर-कलमामुळे पहिल्या-दुसऱ्या अनुसूचीतल्या मालाचा व्यापार करणाऱ्याला मालाची किंमत सोडून काहीच वजावट मिळत नाही, ना दुकानाचं भाडं, ना विक्रेत्याचा पगार. बऱ्याच बँका दारात उभं करत नाहीत, म्हणून रोकड. दिवाळं निघालं तर दिवाळखोरीचं केंद्रीय न्यायालयही हात वर करतं. हे सगळं सांभाळत कंपनी चालवून देणं हे डोक्याचं काम आहे, एवढं मान्य करा आणि पुढे चला.

माझा खरा राग पुढच्या भागावर आहे. कार्डावरच्या दुसऱ्या शब्दावर. एम्प्लॉयमेंट.

गॅरी रॉस नावाचा माणूस होता. आपल्याच जातकुळीतला, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. अमेरिकी हवाई दलात असताना पाठ कामातून गेलेली, आणि डॉक्टरच्या शिफारशीने गांजा घेणारा. २००१ मध्ये त्याला रेजिंगवायर नावाच्या कंपनीत नोकरी लागली, लघवीची तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि डॉक्टरची शिफारस दाखवूनही काही दिवसांतच नोकरी गेली. खटला चालला कित्येक वर्षं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की १९९६ चा कायदा तुम्हाला फौजदारी खटल्यापासून वाचवतो, नोकरीचं तो बोलत नाही. त्याच वर्षी विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, तर गव्हर्नर श्वार्झनेगर साहेबांनी व्हेटो मारला. (हो, तेच. टर्मिनेटर. या बाबतीत नावाला जागले.)

कोलोरॅडोतला ब्रँडन कोट्स. किशोरवयातल्या अपघातानंतर व्हीलचेअरवर, हातापायांना झटके येतात, त्यासाठी रात्री घरी गांजा घ्यायचा, रीतसर राज्याचं कार्ड काढून. डिश नेटवर्कमध्ये फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम. २०१० मध्ये तपासणीत सापडला आणि काढला. कामावर तो नशेत होता असं कंपनीसुद्धा म्हणत नव्हती. राज्यात कायदा होता की कामाच्या वेळेबाहेर केलेल्या कायदेशीर गोष्टीसाठी कुणाला काढता येणार नाही. २०१५ मध्ये न्यायालय एकमताने म्हणालं, कायदेशीर म्हणजे केंद्राच्या कायद्यानेही कायदेशीर. विषय संपला. आणि तेव्हा त्याच राज्यात दुकानं उघडून दीड वर्ष झालं होतं आणि सरकार त्यावर कर गोळा करत होतं!

आता मला सांगा, यात हसण्यासारखं कोण आहे? दुकानदाराला परवाना मिळाला, सरकारला महसूल मिळाला, गुंतवणूकदाराला शेअर मिळाले. आणि नोकरदाराच्या हातात काय, तर लघवीची बाटली. कॅलिफोर्नियात १९९६ ला सुरू झालेली गोष्ट नोकरीपर्यंत पोचायला १ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. सत्तावीस वर्षं. नेवाडाने २०२० मध्ये नोकरीआधीच्या तपासणीवरून नकार द्यायला बहुतेक नोकऱ्यांत बंदी घातली, न्यूयॉर्कने २०२१ मध्ये कायदा केला. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २०१७ साली एका क्रोन्सच्या रुग्ण बाईला नोकरीच्या पहिल्याच दिवशी काढल्यावर तिच्या वकिलांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून हे मान्य करून घेतलं, की केंद्राच्या कायद्याकडे बोट दाखवून मालकाला सुटता येणार नाही, आजारी माणसाशी आधी बोलावं लागेल. हे आपोआप होत नाही हो. कुणीतरी बसून अर्ज लिहिलेत, हरलेत, परत लिहिलेत.

आणि ती तपासणी! इंजिनिअर म्हणून मला तिचा सात्त्विक संताप येतो. लघवीत जे शोधतात ते नशा आणणारं टीएचसी नसतं, ते शरीराने पचवल्यावर उरलेलं, नशा न आणणारं द्रव्य असतं. ते चरबीत साठतं, आणि नेहमी घेणाऱ्याच्या अंगात आठवडेच्या आठवडे राहतं. सर्व्हर आत्ता डाऊन आहे का असं विचारलं, आणि समोरच्याने गेल्या महिन्याची लॉग फाईल हातात ठेवली, तर आपण काय म्हणू? कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने नेमकं हेच पकडलंय: त्या उरलेल्या द्रव्यावरून माणसाला शिक्षा नको. एका परदेशी क्लायंटसाठी मीही हिंजवडीत बाटली भरून दिलीय. सोबत एक फॉर्म होता, त्यात ही तपासणी नक्की काय मोजते याबद्दल अवाक्षर नव्हतं, आणि विचारलं तर एचआरच्या बाईंनाही माहीत नव्हतं.

"मग काय ट्रकवाल्याने ओढून ट्रक चालवायचा?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. नाही. ट्रकचालक, वैमानिक यांच्यासाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातून बांधकामाची कामंही वगळली आहेत, आणि कामावर नशा करणाऱ्याला काढायचा मालकाचा हक्क तसाच शिल्लक आहे. आज नशेत आहे का ते तपासा ना! कुणी नाही म्हटलंय?

या वकिलांना देव्हाऱ्यात बसवा असं मात्र मी म्हणत नाही. त्यांतले बरेच जण मालकांच्या बाजूचे असतात, आणि हा गांजाचा मालक काही फार वेगळा नसतो. कोलोरॅडोत गांजाच्या धंद्यांना सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीने ओव्हरटाइम देताना काय सांगावं? की आमचा उद्योग केंद्राच्या कायद्याने बेकायदा, म्हणून ओव्हरटाइमचा केंद्रीय कायदा आम्हाला लागूच नाही! हा युक्तिवाद लिहिणारा पण वकीलच होता. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो झटकून टाकला. एक कायदा मोडताय म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही. आणि जानेवारी २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये होलिओकच्या कारखान्यात दळलेल्या गांजाच्या धुळीने दम्याचा झटका येऊन एक कामगार मुलगी गेली. २७ वर्षांची. माझ्याच वयाची. या उद्योगात कामामुळे झालेल्या दम्याने मृत्यू झाल्याची अमेरिकेतली ती पहिली नोंद. तेव्हा त्या राज्यात दुकानं उघडून तीन वर्षं झाली होती. धुळीकडे बघायला कुणाला वेळ होता?

आता आपल्या लोकांसाठी, कारण ऑनसाईट जाणारे हे वाचतात. राज्यांच्या कायद्यांनी जे काही मिळवलंय ते नागरिकांच्या कामाचं. इमिग्रेशन पूर्ण केंद्राचं खातं. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्या नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यात नोकरी केली तरी नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो. डेन्व्हरमध्ये परवानाधारक धंद्यात काम केलेल्या ग्रीन कार्डवाल्यांचे अर्ज अडल्याची प्रकरणं तेव्हाच बाहेर आली. शिक्षा व्हायलाच हवी असंही नाही, अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीसुद्धा पुरते. आणि व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अमली पदार्थांचा कुठलाही कायदा मोडलाय का हा प्रश्न असतो. तेव्हा सिअ‍ॅटलला टीमबरोबर "इथे लीगल आहे रे" म्हणून दुकानात शिरायच्या आधी, किंवा अशा दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टार्टअपची ऑफर घ्यायच्या आधी, एक तासाची फी भरून त्या गांजाच्या वकिलाला विचारा. इमिग्रेशन त्याचं क्षेत्र नसेल तर तसं तो सांगेल आणि दुसऱ्याचा नंबर देईल.