इन्कम टॅक्स नाही म्हणे! आणि घरपट्टी?



ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्या घरांत सध्या एकच विषय चालू आहे. न्यू जर्सी सोडायची आणि टेक्सासला जायचं. कोणी फ्लोरिडा म्हणतं. कारणं सगळ्यांची पाठ झालेली: तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, घरं मोठी मिळतात, बर्फ उपसायला नको, आणि आई-बाबांच्या गुडघ्यांना ऊब बरी. या शेवटच्या कारणाचा मला राग येतो. आपले गुडघे पुढे करायचे आणि हिशेब मागे ढकलायचा, असा तो प्रकार आहे.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही एक दिवस सोडली नाही. जमेची बाजू वाचली की नावेची बाजूही वाचायची, एवढं तरी त्या वहीने शिकवलं.

आधी खरं ते मान्य करू. न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सर्वांत जड म्हणून प्रसिद्धच आहे. तिथलं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेलं आहे. आपण इथे घरपट्टी भरून विसरून जातो, त्यामुळे हा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. पण टेक्सास म्हणजे घरपट्टीतून सुटका नव्हे. राज्य इन्कम टॅक्स घेत नाही, २०१९ मध्ये तर मतदारांनी घटनेतच त्याला बंदी घातली. मग शाळा चालवायला पैसा कुठून येणार? बराचसा घरांवरूनच येतो. शाळेचा कर वेगळा, काउंटीचा वेगळा, शहराचा वेगळा. शिवाय अनेक नव्या वसाहतींत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामासाठी काढलेल्या कर्जापोटी एमयूडी नावाचा आणखी एक कर असतो. मुलं फोनवर ज्या नव्याकोऱ्या घरांचे फोटो पाठवतात, ती पुष्कळदा अशाच वसाहतींतली असतात.

आता उदाहरणादाखल हिशेब मांडते. न्यू जर्सीत पाच लाख डॉलरचं घर, कर २.२ टक्के धरा. झाले ११,००० डॉलर. टेक्सासात पाच लाखांचंच पण ऐसपैस घर, नवी वसाहत, सगळे कर मिळून २.४ टक्के धरा. झाले १२,०००. स्वतः राहत असलेल्या घराला शाळेच्या करातून २०२५ पासून १,४०,००० डॉलर किमतीवर सूट आहे. शाळेचा दर १.१ टक्के धरला तर १,५४० वजा. उरले १०,४६०. म्हणजे घरपट्टीत वाचले वर्षाला साडेपाचशेच्या आसपास.

इन्कम टॅक्समध्ये जास्त वाचतात, हे नाकारत नाही. नवरा-बायकोचं मिळून करपात्र उत्पन्न दीड लाख डॉलर असेल तर न्यू जर्सीचा राज्य कर साधारण ५,५०० डॉलर होतो. दोन्ही मिळून सहा हजार वाचले. इथपर्यंतचा हिशेब मुलगा सांगतो आणि वही मिटतो.

पुढची पानं मी उघडते. टेक्सासात गारपीट, फ्लोरिडात चक्रीवादळ, म्हणून घराच्या विम्याचा हप्ता भारी. साध्या विम्यात पूर धरलेला नसतो, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनमध्ये असंख्य घरांना हे पाणी ओसरल्यावर कळलं. ऐसपैस घर गार ठेवायचं म्हणजे उन्हाळाभर एसी. आणि घरात माणसं तीन असोत की पाच, दुसरी गाडी लागतेच, कारण भाजीलासुद्धा चालत जाता येत नाही. सहा हजारांतून हे सगळं वजा करा आणि काय उरतं ते सांगा.

पण माझा खरा मुद्दा याहून मोठा आहे. इन्कम टॅक्स पगाराबरोबर चालतो. पगार थांबला की तोही थांबतो. घरपट्टीला तुमचा पगार ठाऊक नसतो. नोकरी गेली, आजारपण आलं, तरी बिल येतंच. नोकरी व्हिसावर टेकलेली असेल तर हा फरक बारीक नाही. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांचं तर तिथे उत्पन्नच नसतं. जो कर आपण भरतच नव्हतो तो माफ झाला, यात आपलं काय वाचलं?

यावर मुलं म्हणतात, पासष्टीनंतर टेक्सासात शाळेचा कर गोठतो. गोठतो, पण घरमालकाचं वय पासष्ट असेल तर. घर मुलाच्या नावावर आणि वय आई-बाबांचं, असं चालत नाही. सूटसुद्धा आपसूक मिळत नाही, अर्ज करावा लागतो. फ्लोरिडात आणखी एक गंमत आहे. तिथे राहत्या घराची करासाठीची किंमत वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून वीस वर्षं राहिलेल्या मालकाचं बिल लहान दिसतं. घर विकलं की ती मर्यादा संपते आणि नव्या मालकाला बाजारभावाने कर लागतो. एजंट दाखवतो ते बिल जुन्या मालकाचं. ते बघून घर घेणं म्हणजे शेजारणीच्या मापाचं ब्लाऊज शिवून घेणं.

आता राहणीमान. धर्माची अडचण येईल असं मी म्हणणार नाही. डॅलसजवळ रिचर्डसनला आणि ह्यूस्टनलाही जिनमंदिर आहे. उलट एक फायदाच सांगते: डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारला सूर्य मावळतो, डॅलसला वीसेक मिनिटं पाच वाजून गेल्यावर. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना ही पाऊण तासाची किंमत समजते. पण उबदार हवेत वाळवी, मुंग्या, झुरळंही सुखाने नांदतात. घराभोवती औषधं फवारण्याची कंत्राटं तिथे सर्रास असतात. पाणी गाळून पिणाऱ्या आपण त्या कंत्राटावर सही करताना काय म्हणणार, हे आधी ठरवावं. थंडी निदान हे काम आपल्याकडून करून घेत नाही.

आणि ऊब म्हणजे तरी काय? जुलै-ऑगस्टमध्ये डॅलसला पारा ३८ अंशांच्या वर जातो. जानेवारीत न्यू जर्सीत दार लावून बसायचं, तसं तिथे उन्हाळ्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच उबदार टेक्सासात बर्फ पडला, लाखो घरांची वीज गेली आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. न्यू जर्सीत एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडजवळ राहणारी आपली बाई पायी जाऊन कोथिंबीर आणते, चार ओळखीच्या भेटतात, मराठी-गुजरातीत बोलून घरी येते. ही किंमत कुठल्याच टॅक्सच्या तक्त्यात नसते. गाडी न चालवणाऱ्या बाईला मोठं घर म्हणजे मोठी कोठडी.

कोणी म्हणेल, मुलांच्या संसारात आपण कशाला बोलायचं? एरवी मीही बोलत नाही. पण डाऊन पेमेंटसाठी पुण्याचा किंवा सांगलीचा फ्लॅट विकायचं निघतं तेव्हा तो संसार आपलाही असतो. कागदावर जिची सही लागते तिने प्रश्न विचारलाच पाहिजे. परिग्रहाला मर्यादा घालायचं व्रत आपण मंदिरात घेतो. पाच खोल्या कशाला हव्यात, हे विचारणं त्याच व्रतात बसतं.

म्हणून माझं सांगणं आहे. आधी एक वर्ष भाड्याने राहा, आणि त्यात जुलै येऊ द्या. सगळ्या करांचे आकडे त्या घराच्या पत्त्यावर काढा, राज्याच्या नावावर नको. विम्याचं कोटेशन सहीच्या आधी हातात घ्या. सूनबाईला एकटीला विचारा, कारण मुलांना शाळेत सोडणं, डॉक्टर आणि किराणा तिच्याच गाडीने होणार. आणि हे सगळं होईपर्यंत इथला फ्लॅट विकू नका. त्याची घरपट्टी तुम्हाला झेपते, आणि त्याच्या दारातून चालत बाहेर पडता येतं.