घरची भाषा बंद करण्याआधी हैदराबादचा हा अभ्यास वाचा

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो आणि त्याच्या आसपास मोबाईलवर एक संदेश हमखास फिरतो : 'दोन भाषा बोला, स्मृतिभ्रंश दूर ठेवा.' यंदा तो आमच्या पालकांच्या गटावरही आला. त्याखाली एका पालकांनी लगेच लिहिलं, "म्हणूनच आम्ही घरी मराठी बंद करून फक्त इंग्लिश बोलतो." दोन भाषांचे फायदे वाचायचे आणि त्याच दमात एक भाषा बंद करायची! हसू येतं, पण पालकहो, असं करणारी घरं आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. म्हणून त्या संदेशामागचं मूळ संशोधन काय आहे ते नीट पाहू या.

हे काम डॉ. सुवर्णा अल्लादी यांचं. त्या मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, पुढे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत प्राध्यापक झाल्या. हा अभ्यास केला तेव्हा त्या हैदराबादच्या निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत होत्या. तिथल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. आजाराची लक्षणं कोणत्या वयात दिसू लागली, एवढाच साधा प्रश्न होता. एकच भाषा बोलणाऱ्यांत ती सरासरी ६१व्या वर्षी दिसली, दोन भाषा बोलणाऱ्यांत ६५ वर्षं उलटल्यावर. फरक साडेचार वर्षांचा. २०१३ मध्ये हा निबंध 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात आला.

ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांना साडेचार वर्षं म्हणजे काय ते विचारा. आजोबा बाजारातून एकटे घरी येऊ शकतात, नातवाला नावानं हाक मारतात, पेन्शनच्या कागदावर स्वतः सही करतात, अशी ती वर्षं असतात.

असा फरक आधी कॅनडातही सापडला होता. टोरोंटोच्या एलेन बियालिस्टॉक यांनी २००७ मध्ये सुमारे चार वर्षांचा फरक दाखवला होता. पण तिथले दोन भाषा बोलणारे बहुतेक लोक बाहेरून स्थलांतर करून आलेले. त्यामुळे शंका उरत होती : हा भाषेचा परिणाम, की देश सोडून नव्या ठिकाणी पाय रोवणाऱ्या माणसांचाच काही वेगळेपणा? हैदराबादनं ही शंका बरीचशी दूर केली. तिथं दोन भाषा बोलायला कुणाला देश सोडावा लागत नाही. घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी, दुकानात हिंदी, कचेरीत इंग्रजी, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. १९५६पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यातच होता. घरी मराठी बोलून शाळेत उर्दू शिकलेले आजोबा अनेकांनी पाहिले असतील.

आता शिक्षक म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. या रुग्णांत कधीच शाळेत न गेलेले, निरक्षर लोकही होते. त्यांच्यातही दोन भाषा बोलणाऱ्यांची लक्षणं उशिरा दिसली. म्हणजे हे शिकल्या-सवरल्या माणसांच्या सुबत्तेचं श्रेय भाषेच्या नावावर खपवलं गेलंय, असं म्हणता येत नाही. त्या माणसांनी दुसरी भाषा कुठल्या क्लासला जाऊन शिकली नव्हती. बाजारात, कामावर, शेजाऱ्याशी भांडता-भांडता ती आली आणि रोज वापरात राहिली.

आणखी एक गोष्ट संदेश पाठवणारे सांगत नाहीत. दोनपेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना या अभ्यासात जादा फायदा दिसला नाही. तेव्हा 'लहानपणीच चार भाषा शिकवा, मेंदू तल्लख होईल' अशी जाहिरात करणाऱ्या क्लासेसनी हैदराबादचा दाखला देऊ नये.

असं का होत असावं? अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रथिनं चुकीच्या रीतीनं साचत जातात, अमायलॉइड आणि टाऊ. चेतापेशी हळूहळू मरतात. हे सगळं लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असतं. दुसरी भाषा ही प्रथिनं साचणं थांबवते असं कुणी म्हणत नाही. शास्त्रज्ञ बोलतात ते मेंदूच्या राखीव क्षमतेबद्दल. पुराच्या वेळी गावचा डांबरी रस्ता पाण्याखाली जातो, तेव्हा ज्याला बांधावरच्या पायवाटा माहीत आहेत तो उशिरापर्यंत ये-जा करू शकतो. पूर त्यालाही तेवढाच आलेला असतो. दोन भाषा बोलणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. एक शब्द निवडायचा, दुसरा मागे दाबायचा, समोरचा माणूस बदलला की पुन्हा उलट करायचं. ही कसरत दिवसातून शेकडो वेळा, आयुष्यभर चालते आणि तिच्यातूनच या पायवाटा पडत असाव्यात, असं मानलं जातं.

वापरानं मेंदू बदलतो याचा पुरावा भाषेपलीकडेही आहे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाआधी आणि नंतर तपासले. जे परीक्षा पास झाले त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित भाग, मागच्या बाजूला वाढलेला दिसला. नापास झालेल्यांत ती वाढ नव्हती. आणि हे सगळे प्रौढ होते. 'पाच वर्षांपर्यंतच मेंदू घडतो' असं सांगून पालकांना घाबरवणाऱ्यांनी हेही वाचावं.

थोडी सावधगिरी मात्र हवी. हैदराबादचा अभ्यास दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींवर होता. निरोगी माणसांना आधी निवडून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या अनेक अभ्यासांत असा स्पष्ट फायदा दिसलेला नाही, वाद चालूच आहे. अल्लादी यांच्याच गटानं पुढे हैदराबादेत पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांवर काम केलं. त्यात विचारशक्ती शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण दोन भाषा बोलणाऱ्यांत सुमारे ४० टक्के होतं, एक भाषा बोलणाऱ्यांत सुमारे २० टक्के. पण वाचा जाण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. म्हणजे दुसरी भाषा हे काही सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. मुलांना दोन भाषांमुळे परीक्षेत जास्त गुण पडतील, असं तर या संशोधनात कुठंच नाही.

तरीही माझं मत ठाम आहे. घरची भाषा बंद करणं हा तोट्याचा सौदा आहे, आणि तो मेंदूच्या नावानं करणं तर उलटंच. मूल इंग्रजी शाळेत जातं म्हणून आईनं मोडक्या इंग्रजीत बोलायला लागायचं, आजीनं गप्प बसायचं, यात दुसरी भाषा वाढत नाही, पहिली तेवढी जाते. आजीचं नातवाशी बोलणंच खुंटतं. आणि स्मृतिभ्रंशाच्या गोष्टी करायच्या तर एकटेपणा हाही त्या आजारातला मान्य झालेला धोका आहे, हे विसरू नका.

हे फक्त इंग्रजीवाल्या पालकांना सांगून भागणार नाही. आपण मराठी शाळावालेही कमी नाही आहोत. गोरमाटी, कोलामी, गोंडी, भिली बोलत आलेल्या पोराला पहिलीत "नीट मराठीत बोल" असं दटावणारे आपणच. वर्गात त्याच्या भाषेला जागा नसली की दोन-तीन वर्षांत ते घरीही ती बोलायला लाजू लागतं. दोन भाषांची कमाई घेऊन शाळेत आलेलं मूल आपण एका भाषेवर आणून ठेवतो.

फार काही करावं लागत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्ट सांगताना मधेच विचारायचं, "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" फळ्यावर शब्द शेजारी-शेजारी लिहायचे. परिपाठात आठवड्यातून एकदा एखाद्या आजीला बोलवायचं आणि तिच्या भाषेत गोष्ट सांगायला लावायची, मराठीत अर्थ मुलांनी सांगायचा. आमच्याकडे हे दोन वर्षं चाललंय. बोलवायला गेलं की पहिल्यांदा प्रत्येक आजी एकच विचारते, "आमचं बोलणं शाळेत चालतं का, गुरुजी?"